टपाली अवकाशयुद्ध-खेळ
काल्पनिक अवकाशातील ग्रहांच्या स्वामित्वासाठी अनेक खेळाडूंनी टपालाद्वारे खेळावयाचा डावपेचांचा खेळ. प्रत्येक खेळाडू आपल्या लेखी आज्ञा संचालकाकडे पाठवितो. ठरलेल्या तारखेपर्यंत आलेल्या आज्ञांची एकत्रित अंमलबजावणी करून संचालक प्रत्येकास त्याच्यापुरताच निकाल कळवितो.

टपाली खेळांची पूर्वपीठिका पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात आढळते. एडिंबरो व लंडन यांच्यातील सामना (१८२४–२८) विशेष प्रसिद्ध आहे. भारतातही १८२८-२९ मध्ये मद्रास व हैदराबाद यांच्यात असा सामना झाला. मद्रासतर्फे खेळणारे गुलाम कासिम यांनी जेम्स कॉक्रेन यांच्या सहकार्याने बुद्धिबळाच्या एका प्रारंभपद्धतीचे विवेचन १८२९ मध्ये प्रसिद्ध केले. बुद्धिबळात मात्र पक्ष दोनच असतात आणि पट उभयतांस दिसतो. अनेक पक्ष, खाजगी करार व एकाच वेळी उघड होणाऱ्या आज्ञा ही वैशिष्ट्ये असलेला ‘डिप्लोमसी’ हा खेळ १९६३ पासून टपालाने खेळला जाऊ लागला.

अमेरिकेत रिक लूमिस यांनी १९७० मध्ये ‘न्यूक्लिअर डिस्ट्रक्शन’ हा टपाली खेळ सुरू केला. पुढे त्यांच्या ‘फ्लाइंग बफेलो’ या संस्थेने आज्ञांच्या हिशेबासाठी संगणकाचा उपयोग केला. तिचा ‘स्टारवेब’ (१९७६) हा अवकाशयुद्ध-खेळांचा ठळक नमुना होय. त्यात १५ खेळाडू व अनेक ग्रह असतात. आरंभी खेळाडूस आपल्या मूळ ग्रहापलीकडील प्रदेश अज्ञात असतो. ताफे पाठवूनच नकाशा उलगडावा लागतो. साम्राज्यकर्ता, व्यापारी, चाचा, धर्मप्रसारक इ. भूमिकांना गुण मिळविण्याच्या रीती निरनिराळ्या असतात. त्यामुळे शेजाऱ्याशी युद्ध करण्यापेक्षा सख्य राखणे कित्येकदा अधिक लाभदायक ठरते.

टपालास लागणारा विलंब हा या खेळातील केवळ अडथळा नव्हे. दोन फेऱ्यांमधील दिवसांत खेळाडू परस्परांना पत्रे लिहून तह करतात. परंतु तह पाळला गेला की मोडला, हे पुढील निकाल हाती येईपर्यंत कळत नाही. एकदा रवाना केलेला ताफा त्या फेरीत परत बोलाविता येत नाही. म्हणून शस्त्रबळाइतकेच महत्त्व दुसऱ्याच्या शब्दाची पारख करण्यास असते.

१९९० नंतरच्या दशकात संगणकीय टपालाच्या प्रसारामुळे कागदी टपालाने खेळणे मागे पडले. तथापि गुप्तपणे दिलेल्या आज्ञा एकाच वेळी अंमलात आणण्याचे तत्त्व संगणकावरील अनेक डावपेची खेळांत टिकून राहिले.