सायकलमार्गावरचा पादचारी आणि पदपथावरची सायकल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सायकलमार्ग म्हणजे मोटारवाहतुकीपासून वेगळी केलेली आणि केवळ सायकलींसाठी राखलेली रस्त्याची पट्टी, अशी व्याख्या नगरनियोजनात केली जाते. परंतु आपल्या शहरांत ही पट्टी बहुधा पदपथाला लागून, त्याच पातळीवर आणि पुष्कळदा पदपथाच्याच रुंदीतून काढलेली असल्यामुळे चालणारा आणि सायकल चालवणारा हे दोघेही तिथे एकमेकांच्या वाटेत येतात. पुण्यात २००६ च्या अखेरीस सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका असलेली जलद बससेवा, सुरू झाली आणि तिच्या बरोबरीने कडेला सायकलमार्गही आखले गेले, तेव्हापासून हा वाद मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. पादचाऱ्याच्या मते सायकलस्वार बेफाम असतो, तर सायकलस्वाराच्या मते पादचाऱ्याला शिस्त नसते. या दोन्ही तक्रारींत अनुभवाचा अंश खरा आहे. मात्र त्यांतून काढले जाणारे निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात, कारण भांडण ज्यांच्यात होते ते दोघे ज्या जागेवर भांडतात, तिची रुंदी, पातळी आणि अडथळे तिसऱ्याच कोणीतरी ठरवलेले असतात.

सायकली हाच पादचाऱ्यांच्या जिवाला मोठा धोका आहे, ही समजूत सर्वांत आधी तपासली पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते आणि ४,८३६ सायकलस्वार. म्हणजे मृतांच्या यादीत चालणारा आणि सायकल चालवणारा शेजारी शेजारी आढळतात, आणि दोघांनाही मारणारी वाहने बहुतांशी इंजिनाची असतात. याचे कारण भौतिकशास्त्रातील एका साध्या नियमात आहे. वेगामुळे वस्तूच्या अंगी जी ऊर्जा येते तिला गतिज ऊर्जा म्हणतात आणि ती वस्तुमानाच्या सम प्रमाणात, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. सायकल आणि स्वार यांचे एकत्रित वजन ८५ किलो आणि वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर ही ऊर्जा सुमारे ७४० जूल भरते. स्वारासह १७५ किलो वजनाची स्कूटर ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर तीच ऊर्जा जवळपास पंधरापट होते आणि १,२०० किलोची मोटार ताशी ५० किलोमीटरने जात असेल तर दीडशेपटींहूनही अधिक होते. पादचाऱ्याच्या शरीराला जी इजा होते ती या ऊर्जेवर अवलंबून असते, धडक देणाऱ्याच्या उद्धटपणावर नव्हे.

मात्र या हिशेबाचा आधार घेऊन सायकलची धडक म्हणजे किरकोळ बाब, असे सायकलप्रेमींनी म्हणणे हाही तितकाच मोठा गैरसमज आहे. तरुण माणूस अशा धडकेनंतर कपडे झटकून उठतो. सत्तरीतल्या माणसाच्या बाबतीत पडणे हीच दुखापत असते, कारण हाडे ठिसूळ झालेली असताना खुब्याचे हाड मोडले तर अंथरुणाला खिळण्याची वेळ येते. शिवाय सायकल जवळजवळ आवाज न करता मागून येते. चालणाऱ्याचा वेग ताशी चार ते पाच किलोमीटर आणि सायकलीचा पंधरा ते वीस, म्हणजे फरक तिपटी-चौपटीचा असतो. ताशी वीस किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराला समोरचा माणूस दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद लागला, तरी पूर्ण थांबेपर्यंत ती सायकल साधारण दहा मीटर पुढे गेलेली असते. कमी ऐकू येणाऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या किंवा लहान मुलाचा हात धरलेल्या माणसाला या थोडक्यात टळलेल्या धडकांची जी धास्ती बसते ती अवाजवी नसते, आणि त्या धास्तीपोटी त्याने फिरायला जाणेच सोडले, तर अपघाताच्या कोणत्याही नोंदीत न येणारे ते एक मोठे नुकसान असते.

सायकलमार्गावर चालणारे लोक बेशिस्त असतात, ही दुसरी समजूत तर पदपथाची अवस्था न पाहताच केली जाते. भारतीय रस्ते परिषद, अर्थात इंडियन रोड्स काँग्रेस, ही रस्तेबांधणीची मानके ठरवणारी संस्था आहे. तिच्या पादचारी सुविधांविषयीच्या मानकानुसार, म्हणजे आयआरसी १०३ नुसार, पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची आणि २.२ मीटर उंचीपर्यंत पूर्ण मोकळी जागा असायला हवी, आणि बाजारपेठेत ती याहून अधिक असावी. इथे कळीचा शब्द ‘मोकळी’ हा आहे. कागदावर दोन मीटर रुंद असलेल्या पदपथातून विजेच्या डीपीची पेटी, झाडाचा पार, जाहिरातीचा खांब, पथारी आणि रांगेने लावलेल्या दुचाकी वजा केल्या की उरते ती माणसाने अंग चोरून जाण्याची फट. त्यातही प्रत्येक इमारतीच्या फाटकासमोर पदपथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो, पेव्हर ब्लॉक उखडलेले असतात, चेंबरचे झाकण वर आलेले असते. शेजारचा सायकलमार्ग मात्र सलग, सपाट आणि तुलनेने रिकामा असतो. गुडघे दुखणारा माणूस, बाबागाडी ढकलणारी आई किंवा चाकाच्या खुर्चीवरून जाणारी व्यक्ती त्या सपाट वाटेकडे वळते, तेव्हा ती बेशिस्तीने नव्हे, तर अगदी योग्य विचार करून वळत असते. सायकलींच्या बाबतीत आदर्श मानल्या जाणाऱ्या नेदरलँड्समध्ये तर पदपथ नसेल तिथे पादचाऱ्याने सायकलमार्गाचा वापर करावा, अशी तरतूद वाहतूक नियमांतच आहे. पदपथ देणे ही तिथे आधीची जबाबदारी मानली जाते आणि सायकलस्वाराची नाराजी त्यानंतरची. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये, वापरण्याजोगा पदपथ मिळणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आहे.

याच तर्काने सायकलस्वाराकडेही पाहावे लागते. तो राखीव मार्ग सोडून पदपथावर किंवा मुख्य रस्त्यावर येतो, याचा अर्थ त्याला मार्गाची गरज नाही असा काढला जातो आणि मग तो मार्गच काढून टाकण्याची मागणी पुढे येते. प्रत्यक्षात त्याच्या मार्गात रिक्षा उभी असते, चौक आला की मार्ग कोणतीही सूचना न देता संपतो, आणि दुभाजकातील पुढची फट फार लांब असल्यामुळे अर्धा किलोमीटर वळसा घालण्याऐवजी तो उलट्या दिशेने येतो. उलट्या दिशेने येणे धोकादायकच आहे आणि त्याचे समर्थन करता येत नाही; पण ज्या ठिकाणी रोज शेकडो लोक तीच चूक करतात, तिथे माणसांऐवजी आराखडा तपासायला हवा. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास बांधलेला सायकलमार्ग काढून ती जागा मोटारींना देण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. मार्ग वापरला गेला नाही, असे अशा वेळी सांगितले जाते. तो घरापासून कामाच्या जागेपर्यंत सलग पोचत होता का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

जमिनीवर रंगाचा पट्टा ओढला की दोघांची जागा वेगळी होते, हा गैरसमज सामान्य नागरिकांपेक्षा कंत्राटे काढणाऱ्यांमध्ये अधिक आढळतो आणि त्याची किंमत सर्वांत जास्त दृष्टिहीन व्यक्तींना मोजावी लागते. पांढऱ्या काठीला रंग कळत नाही. तिला कळते ती पातळी आणि पोत. जपानमधील सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये उंचवट्याच्या फरशा तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम बसवल्या गेल्या. मेट्रो स्थानकांत दिसणाऱ्या पिवळ्या फरशांचे मूळ तेच आहे. पदपथ आणि सायकलमार्ग एकाच पातळीवर असतील, तर त्यांच्या सीमेवर पायाला आणि काठीला जाणवेल असा फरक असणे अत्यावश्यक ठरते. कोपनहेगनमध्ये यासाठी साधी रचना आहे : पदपथ सर्वांत उंच, सायकलमार्ग त्याहून एक पायरी खाली आणि मोटाररस्ता आणखी एक पायरी खाली. तिथे पाटी न वाचताही आपण कुणाच्या जागेत आहोत हे पायांना कळते.

सायकली पदपथावर चढवल्या तर सगळेच सुरक्षित होतील, असेही अनेकांना वाटते. हा प्रयोग जपानने फार मोठ्या प्रमाणावर केला आहे. मोटारींखाली सापडून होणारे सायकलस्वारांचे मृत्यू वाढल्यामुळे तिथे १९७० च्या कायदादुरुस्तीने ठरावीक पदपथांवर सायकलींना परवानगी दिली आणि १९७८ मध्ये ती अधिक पक्की केली. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय अंगवळणी पडली, पादचाऱ्यांच्या तक्रारी वाढत गेल्या आणि अखेर २००८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सायकलीची जागा मुळात रस्त्यावरच आहे हे पुन्हा ठासून सांगावे लागले. पदपथाची मुभा मुख्यतः तेरा वर्षांखालील मुले, सत्तरी गाठलेले वृद्ध आणि अपंग व्यक्ती यांच्यापुरती किंवा विशिष्ट परिस्थितीपुरती ठेवण्यात आली. सामायिक मार्ग, म्हणजे चालणारे आणि सायकलस्वार दोघांसाठी खुली असलेली एकच वाट, नदीकाठी किंवा विद्यापीठाच्या आवारात वर्दळ कमी असताना चांगली चालते. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यासारख्या बाजारपेठेत, जिथे माणसे दुकानाच्या काचेपुढे अचानक थांबतात आणि मागे वळतात, तिथे ती चालू शकत नाही.

सायकलला कायदाच लागू नाही, या समजुतीचे मूळ एका अर्धसत्यात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनांपुरता असल्यामुळे सायकलस्वाराला परवाना किंवा विमा लागत नाही, हे खरे आहे. परंतु भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे ‘वाहन’ चालवणे हा गुन्हा आहे. तिथे ‘मोटार वाहन’ असा शब्द नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३३ व्या कलमाने रस्त्यांच्या वापराचे नियम करण्याचा जो अधिकार दिला आहे, त्यात वाहन हाकणारे, सायकल चालवणारे आणि पायी चालणारे यांचा एकत्रच उल्लेख आहे. रात्री दिवा नसल्याबद्दल किंवा डबलसीट जाण्याबद्दल पुण्यात सायकलस्वारांना दंड होत असे, ही आठवण सांगणारी पिढी अजून हयात आहे. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत २९ जानेवारी २०२२ पासून एक तत्त्व स्पष्टपणे घातले गेले : ज्याच्याकडून अधिक इजा होऊ शकते त्याच्यावर इतरांना जपण्याची अधिक जबाबदारी असते. या उतरंडीत ट्रकचालकाने मोटारीला, मोटारीने सायकलला आणि सायकलने पादचाऱ्याला जपायचे असते. पादचाऱ्याचीही जबाबदारी असतेच. पण सामायिक जागेत वेग कमी करण्याचे आणि वेळेवर घंटी वाजवण्याचे पहिले कर्तव्य सायकलस्वाराचे आहे, यात शंका नसावी.

विजेवर चालणारी प्रत्येक गाडी सायकलच होय, हा नवा गोंधळ मात्र कायद्यानेच निर्माण केला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, ठरावीक वजनाच्या आतली विद्युत दुचाकी मोटार वाहन समजली जात नाही. परिणामी पॅडल मारताना मोटरची मदत घेणारी सायकल आणि पॅडल नसलेली, सामान लादलेली छोटी विद्युत स्कूटर या दोन्ही नोंदणीवाचून रस्त्यावर येतात आणि दोन्ही सायकलमार्गात शिरतात. नोंदणी लागत नाही म्हणून ते वाहन सायकलमार्गाला योग्य ठरते असे नाही; वजन, वेग आणि घरपोच माल पोचवण्याची घाई या तिन्ही दृष्टींनी ती स्कूटर दुचाकींच्या वर्गातच मोडते. पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकींचा तर प्रश्नच नाही : कोंडीत त्या सायकलमार्गावर चढतात तेव्हा पादचारी आणि सायकलस्वार दोघेही एकाच वेळी बेघर होतात, आणि तरीही तक्रारवहीत नोंद होते ती बहुधा या दोघांच्या आपसांतल्या भांडणाची.

बसथांबा हे या वादाचे सर्वांत अवघड ठिकाण आहे. सायकलमार्ग थांब्याच्या पुढून नेला तर बसमधून उतरणारा प्रवासी थेट सायकलींसमोर पाय ठेवतो. मागून वळवला तर प्रवाशाला थांब्यावर पोचण्यासाठी सायकलमार्ग ओलांडावा लागतो. डेन्मार्कमध्ये याचे उत्तर नियमाने दिले आहे : प्रवासी थेट सायकलमार्गावर उतरत असतील तर सायकलस्वाराने थांबलेच पाहिजे, आणि उतरण्यासाठी मध्ये उंचवट्याचे बेट असेल तर प्रवाशाने सायकलीकडे पाहून ओलांडावे. मागून वळवलेल्या मार्गावर झेब्रा पट्टे आणि वेग आपोआप कमी करायला लावणारा किंचित चढ देता येतो. मात्र चढणाऱ्या-उतरणाऱ्या गर्दीत दृष्टिहीन प्रवाशाला सायकलची चाहूल लागत नाही, ही अडचण या रचनेतही पूर्णपणे सुटत नाही, आणि म्हणून अशा थांब्याचा आराखडा अंतिम करण्यापूर्वी तो दृष्टिहीन प्रवाशांबरोबर प्रत्यक्ष चालून पाहणे गरजेचे आहे.

अपघातांची नोंद नाही म्हणजे प्रश्नच नाही, असेही प्रशासनात मानले जाते. वास्तविक मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आणि तृतीय पक्षाचा विमा ही सारी यंत्रणा मोटार वाहनांभोवती उभी आहे. सायकलच्या धक्क्याने हात मोडलेला माणूस भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाखेरीज कुठे जाणार, आणि तो पोलिसांत तरी कशाला जाईल? अशा वेळी वाहतूक अभियांत्रिकीतील संघर्षनिरीक्षण ही पद्धत उपयोगी पडते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी ती मांडली आणि पुढे स्वीडनमधील लुंड येथे ती विकसित झाली. प्रत्यक्ष अपघाताची वाट न पाहता, एखाद्या ठिकाणी ऐनवेळी ब्रेक दाबून किंवा बाजूला उडी मारून टळलेल्या धडका मोजणे, असे तिचे स्वरूप आहे. एखाद्या महापालिकेने एका थांब्यावर आणि एका शाळेच्या फाटकासमोर सकाळ-संध्याकाळ असे निरीक्षण करून, प्रत्येक प्रसंगात पदपथ कशाने अडला होता आणि सायकलमार्गात कोणते वाहन उभे होते हेही लिहून ठेवले, तर दंडाच्या पावत्या कोणावर फाडायच्या आणि कर्बस्टोन कुठे हलवायचा या दोन्ही गोष्टी त्या एकाच तक्त्यावरून ठरवता येतात.