डालड्यातला ‘ल’ कुणाचा?

मार्केट यार्डच्या भुसार विभागात तेलाच्या एखाद्या गाळ्यावर पाच मिनिटं नुसते कान देऊन उभे राहा. सरकी, सोयाबीन, पामतेल, गोडेतेल... गोडेतेल गोड लागत नाही बरं का, गोडं म्हणजे खायचं! ‘तेल’ हा शब्द आलाय तिळावरून, तरी आपण शेंगदाण्याचंही ‘तेल’च म्हणतो. डच लोकांचंही तेच. त्यांचा ‘ओली’ ऑलिव्हवरून आला आणि सगळ्याच तेलांना चिकटला.

आणि मग येतो ‘डालडा’. असं सांगतात, की हॉलंडहून येणाऱ्या घट्ट वनस्पती तुपाचं नाव होतं ‘डाडा’. लिव्हर कंपनीने त्यात आपला ‘ल’ घुसवला आणि १९३७ मध्ये डालडा बाजारात आणला. पुढे कुठल्याही कंपनीचं वनस्पती तूप असो, आपल्याकडे ते डालडाच!

खरा घोळ ‘तूप’ या शब्दात आहे. वनस्पती तुपात दुधाचा थेंबही नसतो, ते हायड्रोजन वापरून घट्ट केलेलं तेल. यात ट्रान्स फॅट तयार होऊ शकतं, म्हणून २०२२ पासून त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. रूमवर शिरा करणार असाल, तर दुकानात नुसतं ‘तूप द्या’ म्हणू नका. ‘साजूक’ म्हणा, आणि पाकीट उलटं करून बघा.