वजन उतरलं, आता किती खायचं?

मराठवाड्यात वजन घटवण्याची चर्चा घरोघरी नेली ती लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी : दिवसात दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण. पण घटलेलं वजन टिकवायला रोज किती अन्न लागतं?

अंदाजासाठी १९९०चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात. चाळिशीची, १५५ सें.मी. उंचीची, बैठं काम करणारी बाई ८० किलोंवर असताना तिला सुमारे १,९७० कॅलरी पुरत. ७० किलोंवर १,८३० पुरतात. फरक फक्त १४० कॅलरींचा, म्हणजे तीन चहाचे चमचे तेल किंवा ज्वारीची एक लहान भाकरी! वजन परत चढतं ते बहुधा एवढ्याशा फरकाने. म्हणून भाकरीपेक्षा आधी फोडणीचं तेल आणि शेंगदाण्याचा कूट मोजा.

सूत्र म्हणजे नुसता अंदाज. खरं उत्तर काटाच देतो. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी वजन करा. सलग तीन-चार आठवडे ते वाढत गेलं, तर रोजच्या शंभरेक कॅलरी कमी करा. घटतच राहिलं, तर तेवढ्या वाढवा.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण बदलू नये. नांदेडकरांसाठी विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहेच.