कुत्रीचा स्तनदाह आणि पिल्लांचे त्वचारोग

भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना मानला जातो. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीच्या तोंडावर, शाळेच्या ओट्याखाली, चावडीच्या आडोशाला किंवा कडब्याच्या गंजीत कुत्री व्यालेली आढळते. मुले पिल्लांना खेळवतात, एखादे घरीही नेतात. पुढे त्यांतील कित्येक दिसेनाशी होतात आणि ‘थंडीने गेली’ एवढ्यावर विषय संपतो. थंडी हे एक कारण खरेच. परंतु मातेच्या स्तनांचा दाह व पिल्लांच्या त्वचेचे रोग हीदेखील कारणे असतात, आणि ती डोळसपणे पाहणाऱ्यास ओळखता येतात.

कुत्रीस साधारणतः दोन ओळींत मिळून आठ ते दहा सड असतात. दूध ओढताना पिल्ले पंजांनी स्तन दाबतात. त्यांच्या अणकुचीदार नखांचे ओरखडे उठतात आणि अस्वच्छ जागेतील जंतू तेथून किंवा सडाच्या छिद्रातून आत शिरतात. रोग झालेला स्तन गरम, टणक व लालसर होतो. दूध पिवळट, रक्तमिश्रित किंवा पुवासारखे येते. कुत्रीला ताप भरतो, ती खात नाही आणि वेदनेमुळे पिल्लांना जवळ येऊ देत नाही. येथे एक खूण ध्यानात ठेवावी. पोट भरलेली पिल्ले निवांत झोपतात. सतत केकाटणारी पिल्ले उपाशी असतात. निरोगी पिल्लाचे वजन रोज वाढून आठ-दहा दिवसांत जन्माच्या वेळच्या दुप्पट होते.

दाह सौम्य असल्यास कोमट पाण्याने शेकून दूध हलकेच काढून टाकतात, आणि पिल्लांनी इतर सड पिण्यास बहुधा हरकत नसते. मात्र स्तन निळाकाळा पडला किंवा गळू फुटले, तर पिल्ले दूर करून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. दूर केलेल्या पिल्लांना पाजण्यापूर्वी ऊब देणे अत्यावश्यक आहे. पहिले काही दिवस पिल्लास स्वतःच्या शरीराची उष्णता राखता येत नाही, आणि गारठलेल्या पिल्लाला पाजलेले दूध पचत नाही. गाईचे दूध कुत्रीच्या दुधाहून बरेच पातळ असते. त्यात काय व किती मिसळावे हे डॉक्टरांनाच विचारावे. पाजताना पिल्लू पालथे धरावे. तान्ह्या मुलाप्रमाणे उताणे धरल्यास दूध श्वासनलिकेत जाते. हौसेने वाढवू पाहिलेली अनेक पिल्ले याच चुकीने दगावतात.

त्वचारोगांपैकी सर्वांत वारंवार आढळणारा विकार म्हणजे पोटाच्या व जांघेच्या केसविरहित भागावर उठणाऱ्या पुवाळलेल्या पुटकुळ्या. त्या फुटून पिवळसर खपल्या धरतात. ओले, घाण अंथरूण, जंत व निकृष्ट आहार ही त्यामागची कारणे. गोणपाट रोज बदलून जागा कोरडी ठेवली, तर पुष्कळदा एवढ्यानेच आराम पडतो. खरूज मात्र वेगळी. ती सूक्ष्म किडीमुळे होते, पिल्लू सारखे खाजवते, कानांच्या कडांवरचे केस झडतात आणि हाताळणाऱ्या माणसाच्या अंगावरही पुरळ उठू शकते. गजकर्णात केस गोलाकार गळतात. तो बुरशीजन्य रोग मुलांना सहज लागतो. तोंड व डोळ्यांभोवती एकाएकी सूज येऊन जबड्याखालील गाठी फुगल्यास तो जंतुसंसर्ग समजून घरगुती उपाय करू नयेत. त्या विकाराची चिकित्सा निराळी असून ती डॉक्टरांच्याच देखरेखीखाली व्हावयास हवी.

खरजेवर गाडीचे जळके तेल फासण्याची पद्धत अजूनही सर्रास दिसते. कुत्रे अंग चाटते व ते तेल पोटात जाते. शिवाय त्वचा भाजते ती निराळीच. गुरांच्या गोचिडांवरील औषध अंदाजाने पाण्यात कालवून तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला चोळणे हे तर विष देण्यासारखेच होय. माणसाच्या तापाच्या व दुखण्यावरच्या गोळ्याही देऊ नयेत.

शिक्षकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष पुरवावे. पिल्लू लहान म्हणून त्याचा ओरखडा किरकोळ, अशी समजूत आहे. रेबीज पिल्लालाही होतो. पिल्लाने चावल्यास किंवा नख लागून कातडी खरवडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. मुले असा ओरखडा घरी सांगत नाहीत, मार बसेल म्हणून. वर्गात विचारले तर सांगतात.

राहिला प्रश्न ग्रामपंचायतीचा. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ अन्वये भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. निर्बीजीकरण झालेल्या कुत्रीला पुन्हा वेत नाही. म्हणून ओट्याखालची पिल्ले आईचे दूध सुटून खाऊ लागली की, पुढचा भाद्रपद येण्यापूर्वीच, तिचे नाव यादीत घालावे. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांच्या सल्ल्याने जंतनाशक आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस द्यावी. ज्या घरी पिल्लू गेले, त्या घराची नोंद शाळेत ठेवल्यास लसीच्या दिवशी निरोप धाडणे सोपे जाते.