सुट्ट्या पैशांची भाषा : एसटीतील भाडे-व्यवहार

वाक्याचा अर्थ केवळ शब्दांत नसतो. तो प्रसंगावरही अवलंबून असतो. हे तत्त्व आपण एका नित्याच्या व्यवहारातून समजून घेऊ.

१. अध्याहार

चंद्रपूरहून अहेरीला निघालेल्या एसटीत प्रवासी नोट पुढे करून ‘एक आष्टी’ एवढेच म्हणतो. येथे क्रियापद नाही, विभक्तिप्रत्ययही नाही. तरी ‘आष्टीपर्यंतचे एक तिकीट द्या’ हा अर्थ वाहकापर्यंत पोहोचतो. गाळलेले शब्द प्रसंग पुरवतो. यालाच अध्याहार म्हणतात.

२. अर्थविस्तार

‘हाफ’ म्हणजे पूर्वी प्रामुख्याने लहान मुलाचे तिकीट. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात पन्नास टक्के सवलत मिळू लागली आणि या शब्दाची व्याप्ती वाढली. पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. तरी त्यांनाही शून्य रकमेचे तिकीट दिले जाते. म्हणजे ‘तिकीट किती?’ या प्रश्नात तिकीट हे भाडे असते, तर येथे ते केवळ प्रवासाचा पुरावा असते.

३. समानार्थी शब्दांतील भेद

जंगलातील मार्गांवर मोबाइलची रेंज तुटली की रोख रकमेला पर्याय उरत नाही आणि सुट्ट्या पैशांचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी मराठीत तीन शब्द आहेत. ‘सुट्टे’ हा शब्द ‘सुटणे’शी, ‘मोड’ हा ‘मोडणे’शी जोडलेला आहे, न मोडलेली ती ‘बंदी’ नोट. विदर्भात ‘चिल्लर’ अधिक ऐकू येतो. तेलुगूतही तो याच अर्थाने रूढ आहे. त्यामुळे सिरोंच्याच्या तेलुगूभाषक प्रवाशाला तो परका वाटत नाही.

४. भाषिक कृती

चिल्लर नसली की वाहक म्हणतो, ‘उरलेले उतरताना घ्या.’ वाक्याचे रूप आज्ञार्थी आहे. कार्य मात्र वचन देण्याचे आहे. बोलणे हीच एक कृती असते, हा विचार तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी मांडला. त्यांची व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वाहक तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो, तेव्हा तोंडी वचनाला लेखी आधार मिळतो. असे तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवावे.

५. संक्षेपाची मर्यादा

एटापल्ली तालुक्यातील गर्देवाड्याला अहेरीहून बस सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ रोजी. जिची मातृभाषा माडिया आहे आणि जी प्रथमच एसटीत बसली आहे, अशा स्त्रीसाठी ‘उरलेले उतरताना घ्या’ हे वाक्य पुरेसे नाही. कोणती रक्कम, कोणाकडून, केव्हा, हे तिला कळले नाही, तर तिचे पैसे बसमध्येच राहतील. संक्षेप परिचितांना सोयीचा असतो. नवख्याला पूर्ण वाक्य द्यावे लागते. ‘तुमचे चाळीस रुपये माझ्याकडे आहेत, उतरताना मागून घ्या’ एवढे सांगायला क्षणभर लागतो, पण तेवढ्याने तिचा हक्क सुरक्षित राहतो.

स्वाध्याय : आपल्या पुढील बसप्रवासात ऐकलेली अध्याहारयुक्त तीन वाक्ये नोंदवा. प्रत्येकाचे पूर्ण रूप लिहून, त्यातून कोणती भाषिक कृती घडते ते स्पष्ट करा.