मुळात शिरला कृमी, दाबली जनुकांची बटणं!

अर्धापूर म्हटलं की आठवतात केळी! नांदेड जिल्ह्यातल्या या गावाभोवती केळीच्या बागाच बागा. पण कधी कधी एखाद्या बागेत काही झाडं खुरटतात. पानं पिवळी पडतात, घड लहान राहतो. खतपाणी तर सगळ्यांना सारखंच दिलेलं. मग बिघडलं कुठे? याची कारणं बरीच असू शकतात, पण त्यातलं एक जमिनीखाली लपलेलं असतं. मुळं उकरून धुतली की त्यांच्यावर गाठीच गाठी दिसतात. हे काम सूत्रकृमीचं. शेतकरी त्याला ‘निमॅटोड’ म्हणतात.

सूत्रकृमीचं पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतं. मातीच्या ओलीतून सरपटत ते मुळाच्या टोकाशी पोचतं आणि आत घुसतं. त्याच्या तोंडात एक पोकळ, अणकुचीदार काटा असतो. तो काटा मुळातल्या पाच-सात पेशींत खुपसून ते आपली लाळ सोडतं. खरी कमाल इथून सुरू होते!

केळीच्या प्रत्येक पेशीत केळीची सगळीच्या सगळी जनुकं असतात. पान कसं करायचं याची माहिती मुळाच्या पेशीतसुद्धा असते. मग मुळाला पानं का फुटत नाहीत? घरातल्या सगळ्या खोल्यांत वीज असली, तरी बटण दाबलं तिथलाच दिवा लागतो ना, तसंच हे आहे. कोणती जनुकं चालू ठेवायची आणि कोणती बंद, हे प्रत्येक पेशीत ठरलेलं असतं.

सूत्रकृमीची लाळ नेमकी हीच बटणं बदलते. शत्रूशी लढणारी काही जनुकं मंदावतात, वाढीची काही जोरात चालू होतात. पेशीतलं केंद्रक पुन्हा पुन्हा विभागतं, पण पेशीचे मात्र दोन भाग होत नाहीत. एकाच पेशीत कधी कधी शंभरेक केंद्रकं जमतात! पेशी फुगून नेहमीच्या कित्येक पट मोठी होते. तिला म्हणतात महापेशी. झाडाने बनवलेलं अन्न या महापेशींकडे वाहू लागतं आणि कृमी जागचा न हलता ते शोषतो. आजूबाजूच्या पेशीही भराभर वाढतात आणि मुळावर गाठ येते. मादी फुगून गोल होते आणि शेकडो अंडी घालते.

लक्षात घ्या, महापेशी बनवणारी जनुकं झाडाची स्वतःचीच असतात. कृमी फक्त ती हवी तशी चालू-बंद करून घेतो.

पण हे करणारं लाळेत असतं तरी काय? २००६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना त्यातला एक इवलासा रेणू सापडला, फक्त १३ अमिनो आम्लांचा. झाडाच्या पेशीत जनुकं चालू-बंद करणारी जी प्रथिनं असतात, त्यांनाच तो जाऊन चिकटतो. मग शास्त्रज्ञांनी डाव उलटवला. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात त्यांनी असा बदल केला, की त्याचा रस शोषताच कृमीचं तो रेणू बनवणारं जनुक मंदावावं. त्या रोपांच्या मुळांवर गाठी खूपच कमी आल्या. कृमीची विद्या कृमीवरच चालली!

शेतात मात्र साधे उपायही कामी येतात. लागवडीसाठी निरोगी कंद निवडायचे आणि बागेत झेंडू लावायचा. झेंडूच्या मुळांतलं एक रसायन सूत्रकृमींना मारक ठरतं.

आता तुमचं काम. हंगाम संपला, की वांग्याचं किंवा भेंडीचं झाड आणि फुलोऱ्यात असताना सोयाबीनचं झाड मोठ्या माणसांना विचारून उपटा. मुळं धुऊन नीट पाहा. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी बोटाने सहज सुटल्या आणि आतून गुलाबी निघाल्या, तर त्या हवेतला नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या मित्र जिवाणूंच्या. वांग्या-भेंडीच्या मुळावरच्या गाठी सुटत नसतील, मूळच जागोजागी सुजलेलं असेल, तर समजा, आत कुणीतरी बटणं दाबत बसलंय. लगेच घरच्यांना दाखवा, म्हणजे पुढचं पीक निवडताना त्यांना काळजी घेता येईल.