अनेक वाद्यं, एकच आवाज

तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कोणत्याही नादात मूळ स्वराबरोबर असे अनेक वरचे स्वर दडलेले असतात. त्यांचं प्रमाण वाद्यागणिक बदलतं, म्हणून तोच षड्ज बासरीवर वेगळा लागतो आणि सनईवर वेगळा. ऑर्केस्ट्रासाठी लिहिणारा संगीतकार नेमकं हेच प्रमाण हाताळत असतो.

याचा सर्वात धाडसी नमुना मॉरिस राव्हेलच्या १९२८ सालच्या 'बोलेरो'त सापडतो. सुमारे पाव तास तीच तीच चाल एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाते. मध्यावर ती हॉर्न उचलतो. सेलेस्टा हे घंटीसारखं किणकिणणारं वाद्य तीच चाल वरच्या सप्तकांत धरतं. शिवाय दोन पिकोलो बासऱ्या ती वाजवतात, पण एक पंचमाला षड्ज मानून आणि दुसरी गंधाराला! कागदावर तीन पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात. कानाला मात्र त्या खटकत नाहीत, कारण ते स्वर हॉर्नच्या नादात मुळातच असलेल्या स्वरांवर बसवलेले आहेत. पिकोलो हॉर्नपेक्षा हलक्या वाजल्या, की चार वाद्यांऐवजी ऑर्गनसारखं एकच अनोळखी वाद्य ऐकू येतं. त्या जोरात वाजल्या तर सगळा मेळ फिसकटतो.

वाद्यांचे नाद असे मिसळण्याचं काम आपल्याकडे झालं ते मुंबईच्या सिनेसंगीतात, आणि त्यात गोव्याच्या वादकांचा वाटा फार मोठा. चर्चच्या संगीतशाळांत ते लहानपणीच स्टाफ नोटेशन शिकलेले असत. संगीतकार चाल गाऊन दाखवी आणि अरेंजर ती व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट यांत वाटून लिहून काढी. सेबॅस्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षं केलं.

गोव्यातल्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस याच्याही पुढे गेले. रागसंगीत पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिण्याच्या ध्यासातून त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. भारतीय आणि पाश्चात्त्य वाद्यांचा असा मेळ घालणं सोपं नव्हतं. सतारीचा स्वर छेडताच उमटतो आणि लगेच विरू लागतो. व्हायोलिनचा स्वर गजाबरोबर हळूहळू भरत जातो. दोन्हींची सुरुवात जुळली नाही तर कान त्यांना वेगळं करतो. नेमकी जुळली तर तारेचा ठसठशीत आघात आणि गजाची लांबी मिळून एक नवाच स्वर तयार होतो. जुन्या गाण्यांच्या इंटरल्यूडमध्ये सतार किंवा मेंडोलिनच्या मागे व्हायोलिन ठेवलेली असतात, ती यासाठीच. त्या काळी मोजक्या माइकसमोर सगळे एकदम वाजवत. कोण माइकजवळ बसणार आणि कोण लांब, यावरही हे मिश्रण ठरे.

गोन्साल्विस यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातून गुरूचं नाव घराघरांत पोचवलं. बाकीच्यांच्या वाट्याला तेही आलं नाही. मराठी घरांत गायक आणि संगीतकार तोंडपाठ असतात, पण श्रेयनामावलीत अरेंजर बहुधा 'सहायक' म्हणूनच येतो. जुनी गाणी नव्याने प्रकाशित करणाऱ्यांनी गायक-संगीतकारांच्या शेजारी अरेंजरचं नावही छापायला हवं.